विषयशीर्षके आणि वाचकाचा वेळ

ग्रंथ संग्रही असणे आणि तो वाचकास सापडणे, या दोन भिन्न गोष्टी होत. ग्रंथकाराचे नाव ठाऊक असलेला वाचक आपला ग्रंथ सहज मिळवितो. परंतु विद्यापीठातील विद्यार्थी पुष्कळदा केवळ एक विषय मनात घेऊन येतो. त्या विषयावर ग्रंथालयात काय आहे हे दाखविणे तालिकेचे कर्तव्य होय, असे अमेरिकन ग्रंथपाल चार्ल्स कटर यांनी 1876 मध्येच आपल्या नियमांत नमूद केले होते.

आता तालिका संगणकावर आली असून शीर्षकातील कोणताही शब्द क्षणार्धात शोधता येतो. मग विषयशीर्षके देण्याचा खटाटोप कशासाठी, असे काही जण विचारतात. गांडुळांमुळे सुपीक माती कशी बनते, याविषयी चार्ल्स डार्विन यांनी 1881 मध्ये ग्रंथ लिहिला. त्याच्या इंग्रजी शीर्षकात मातीसाठी ‘सॉइल’ नव्हे, तर ‘व्हेजिटेबल मोल्ड’ हे शब्द आहेत. आणि ‘मोल्ड’ म्हणजे बुरशी, हाच अर्थ आज अधिक परिचित आहे. केवळ शीर्षकातील शब्दांवर विसंबणारा मृदाशास्त्राचा विद्यार्थी या ग्रंथास मुकेल, आणि बुरशीच्या अभ्यासकापुढे तो विनाकारण येईल. अक्षरे जुळविणे निराळे आणि आशय जाणून ‘मृदा’ व ‘गांडुळे’ ही शीर्षके देणे निराळे.

आपल्याकडे तर एकाच विषयास अनेक नावे असतात. ‘हिवताप’ हे शीर्षक निश्चित करून ‘मलेरिया’ या शब्दाखाली ‘हिवताप पाहा’ अशी नोंद केली, तरच दोन्ही वाटांनी येणारा वाचक एकाच ठिकाणी पोहोचतो.

विषयशीर्षके जुनी होतात, हा आक्षेप खरा आहे. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने स्वयंपाकविषयक ग्रंथांचे ‘कुकरी’ हे शीर्षक बदलून ‘कुकिंग’ केले, ते 2010 मध्ये. परंतु यावरून शीर्षके वेळोवेळी तपासावीत, एवढेच सिद्ध होते. ती टाकून द्यावीत, असे नव्हे.

मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. वाचकाचा वेळ वाचवावा, हे त्यांतील चौथे. तालिकाकाराची घटकाभर मेहनत वाचविण्यासाठी केलेली सदोष नोंद पुढे वर्षानुवर्षे वाचकांचा वेळ खाते. म्हणून विद्यापीठांनी ग्रंथखरेदीबरोबरच प्रशिक्षित तालिकाकारांसाठीही तरतूद करावी, आणि बाहेरून आलेल्या तयार नोंदी तपासूनच स्वीकाराव्यात. विकत घेतलेला पण न सापडणारा ग्रंथ वाचकाच्या लेखी नसल्यासारखाच होय.