मुदत पाळणारे बांधकाम

वाणगाव-बोईसरच्या पट्ट्यात एखाद्या इमारतीचे काम रखडले, की दोष पावसाला, मजुरांना किंवा मक्तेदाराला देण्याचा प्रघात पडला आहे. परंतु जूनमध्ये पाऊस येणार आणि भातलावणीस मजूर गावी परतणार, या गोष्टी ज्यांना अकस्मात वाटतात, त्यांनी अंदाजपत्रक केले असेल, नियोजन केलेले नसते.

याच परिसरात, तारापूरच्या अणुवीज केंद्रात, ५४० मेगावॅटच्या तिसऱ्या व चौथ्या संचांचे बांधकाम २००० साली सुरू झाले आणि चौथा संच मुदतीपूर्वीच, २००५ मध्ये, कार्यान्वित झाला. असे अवाढव्य कार्य वेळेत सिद्धीस जाते, तर चार मजल्यांची वास्तू वर्षानुवर्षे अपुरी का राहावी? अर्थात, त्याच प्रकल्पासाठी विस्थापित झालेल्या अक्करपट्टी-पोफरणच्या ग्रामस्थांना पुनर्वसनाकरिता न्यायालयाची पायरी चढावी लागली, हेही विसरता येत नाही. माणसांची तजवीज हादेखील वेळापत्रकाचाच भाग होय.

म्हणून बिनशेती परवानगी, मातीची तपासणी व संपूर्ण नकाशे हाती आल्यावाचून कुदळ मारू नये. जोते पावसाळ्यापूर्वी पुरे करावे. मक्तेदाराची देयके प्रत्यक्ष मोजमापाबरहुकूम व विनाविलंब द्यावीत. २०१८ च्या अखेरीपासून डहाणू-तलासरी भागाने भूकंपाचे धक्के अनुभवले आहेत. तेव्हा वेळ वाचविण्यासाठी काँक्रीटला पाणी मारण्याचे दिवस कमी करणे ही काटकसर नव्हे, रहिवाशांच्या जिवाशी केलेला व्यवहार आहे. ग्राहकांनीही ताब्याच्या तारखेआधी परवानगी, मातीची तपासणी व नकाशे यांचे कागद मागावेत.