'कच्चे', 'पक्के' आणि ओल

मराठीच्या अध्यापकांनी घरांच्या गळतीवर लिहावे, हे कोणास विषयांतर वाटेल. परंतु आमचा मुद्दा मुळात दोन शब्दांविषयीचा आहे. सप्टेंबर २०२५मधील अतिवृष्टीत मराठवाड्यात शेतांबरोबर घरांचीही पडझड झाली. अशा पडझडीचा पंचनामा होताना घर 'कच्चे' की 'पक्के' हे ठरवावे लागते. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या आपत्ती मदतीच्या निकषांत किमान १५ टक्के पडझडीसाठी पक्क्या घरास ६,५०० रुपये आणि कच्च्या घरास ४,००० रुपये धरले होते. रकमेतील अंतर थोडे. त्यामागील समजूत मात्र खोलवर रुजलेली आहे. माती म्हणजे कच्चे, सिमेंट म्हणजे पक्के. पाणी ही विभागणी मानत नाही, असे आमचे मत आहे.

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी आहे. या पट्ट्यातील गावांत माळवदाचे घर आणि स्लॅबचे घर एकमेकांना लागून दिसते. माळवद म्हणजे तुळयांवर लाकडी फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. मृगापूर्वी त्यावरचे गवत उपटायचे, उंदरांची बिळे बुजवायची, पांढरी माती पसरून चोपायची आणि पन्हळीकडे उतार राखायचा, हा वार्षिक नेमच होता. नेम चुकला की पाणी आधी मातीत मुरते, मग झिरपते. तुळईचे भिंतीत रोवलेले टोक कुजते, वाळवी लागते आणि एखाद्या झडीत छत खाली येते. जुनी माती न काढता दरवर्षी नवी टाकत गेल्यास छताचे ओझेही वाढते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात अशाच जड छतांखाली आणि दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसे गेली. म्हणून माळवदाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. स्लॅबची ओढ भयातून आली आहे, आणि ते भय खरे आहे.

पण स्लॅबने एक खोटे आश्वासनही दिले : आता घराकडे पाहण्याची गरज नाही. उतार नीट दिला नाही, पाण्याचा पाइप पाल्याने तुंबला, की छतावर तळे साचते. पाणी बारीक भेगांतून सळ्यांपर्यंत पोचते. गंजलेली सळई फुगते आणि खालचे काँक्रीट खपल्यांनी सुटते. त्यात आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर भिंती तडकतात. जोत्यावर ओल अडवणारा थर नसेल तर जमिनीतले पाणी भिंतीत वर चढते आणि लोणा फुटतो. त्यावर रंगाचा हात फिरवून आपण पुढच्या पावसाची वाट पाहतो.

सर्वांत घातक म्हणजे दोन्हींची सरमिसळ. मातीच्या भिंतीला 'पक्की' करण्यासाठी सिमेंटचा गिलावा देतात. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंट तिची वाट अडवते, आणि भिंत बाहेरून धडधाकट दिसत आतून भुसभुशीत होते. तिला मातीचा किंवा चुन्याचाच गिलावा हवा. माळवदावरची जादा माती उतरवून तुळयांची टोके तपासावीत. स्लॅबला उतार द्यावा, गंज खरवडून सळ्यांना संरक्षक लेप द्यावा आणि मगच दुरुस्ती करावी. दोन्हीकडे क्रम एकच : पाणी कुठून येते ते शोधा, भिंत वाळू द्या, रंग शेवटी.

हा शोध भाषेशिवाय होत नाही. मुरणे, झिरपणे, पाझरणे, ठिबकणे, गळणे, लोणा फुटणे ही केवळ पर्यायी क्रियापदे नव्हेत. प्रत्येकातून पाण्याची वेगळी वाट आणि दुखण्याची वेगळी पायरी कळते. या साऱ्यांच्या जागी आज एकटे 'लीकेज' आले आहे. शब्दांबरोबर निदानही हरवते, याची आम्हांस चिंता वाटते.

म्हणून दोन सूचना. पंचनाम्यात 'कच्चे-पक्के' याबरोबरच छताचा प्रकार आणि भिंतीची अवस्थाही नोंदवावी. आणि मराठी विभागांनी विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाचा प्रकल्प देताना माळवद चोपणाऱ्या, गवंडीकाम करणाऱ्या वडीलधाऱ्यांकडे पाठवावे. ती माणसे आज आहेत. त्यांच्याकडे जायचे ते पुढच्या मृगापूर्वीच.