वाफेचं सोंग

पुण्याहून कर्जत, तिथून लोकलने नेरळ आणि पुढे माथेरानची छोटी गाडी. रविवारी जाच, मजा येते. फक्त वाफेच्या इंजिनासारखं दिसणारं डिझेल इंजिन पुढे लागलं, तर त्याला ‘हेरिटेज’ म्हणू नका. पत्र्याची चिमणी बसवून वारसा होत नाही, सोंग होतं.

पीरभॉय कुटुंबाची ही दोन फुटी लाइन 1907 साली सुरू झाली. वळणं इतकी आवळ, की कडेची चाकं वळणावर थोडी सरकतील अशी खास इंजिनं जर्मनीहून आणली. कोळसा केव्हा ओढायचा, चढावर दाब कसा टिकवायचा, हे फायरमनला अंगवळणी पडलेलं असे. वारसा तो! फोटोत तो येत नाही, म्हणून कुणाला त्याची फिकीर नाही.

धुराची काळजी वाटते? मग डिझेल काय उदबत्तीवर चालतं? दार्जिलिंगला शंभरी ओलांडलेली वाफेची इंजिनं आजही पर्यटकांना फिरवतात. नेरळला महिन्यातून दोन फेऱ्या का नकोत? विदर्भातली शकुंतला 1994 पर्यंत वाफेवर धावली. ती चालवणारे आता म्हातारे झालेत. त्यांच्या हाताखाली चार पोरं आत्ताच शिकायला धाडा.