कडी उघडी आहे, सांगायचे कोणाला?

लातूरला आमच्या गल्लीत रात्री कोणाच्या दाराची कडी उघडी दिसली, तर आपण घरमालकाला उठवतो; चौकात ओरडत नाही. पण मालक उठायलाच तयार नसेल तर?

संगणकाच्या जगात हाच पेच आहे. नांदेड-लातूरची मुले ज्या ब्राउझरमधून प्रवेशाचे अर्ज भरतात, घरची मंडळी बँकेचे व्यवहार करतात, त्यातही अशा उघड्या कड्या सापडतात. गूगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ पथकाने २०१४ मध्ये शिस्त घालून घेतली: दोष आधी बनवणाऱ्याला कळवायचा, दुरुस्तीला ९० दिवस द्यायचे, नंतर जाहीर करायचा.

आपल्याकडे सांगणाऱ्यावरच प्रसंग आला. हैदराबादचे अभियंते हरी प्रसाद यांनी सहकाऱ्यांसह २०१० मध्ये मतदान यंत्रातले दोष दाखवले. ते यंत्र मुंबईतून चोरीला गेल्याच्या तक्रारीवरून ऑगस्टमध्ये त्यांना अटक झाली. यंत्र कुठून आले, याची चौकशी जरूर व्हावी. पण त्या गदारोळात दोषाचा प्रश्न मागे पडू नये.

मुदत न देता गावभर करणे हा उतावीळपणा. मुदत उलटूनही गप्प बसणे, हा मात्र घरच्यांशी द्रोह. कडी उघडी आहे हे चोराला बहुधा आधीच ठाऊक असते. ठाऊक नसते ते घरात झोपलेल्यांना.