केमोला पैसे आहेत, पेशंटच्या अंगातल्या ताकदीला नाहीत

स्वादुपिंडाचा कॅन्सर झालेल्या माणसाबद्दल आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं आहे: "अंगात काय उरला नाय." शेजारी म्हणतात, पाहुणे म्हणतात, ओपीडीतले डॉक्टर वेगळ्या शब्दांत तेच म्हणतात. आणि मग पुढचं सगळं थांबतं. माझं भांडण या वाक्याशी आहे. ज्या ताकदीचा हिशेब करून शेवटी उपचार नाकारले जातात, ती ताकद जात असताना कुणी मोजत नाही आणि टिकवायला सरकार पैसा खर्च करत नाही.

आधी आजार समजून घेऊ. स्वादुपिंडाचा रस आतड्यात आला तरच तेल, तूप, डाळ, मासे पचतात. गाठीने नळी दाबली की रस अडतो. माणूस जेवतो, पण जेवण अंगी लागत नाही. संडास तेलकट होते, पाण्यावर तरंगते, घाण वास मारते, फ्लश करून जात नाही. दुसरीकडे हा कॅन्सर शरीरात अशी दाहाची प्रक्रिया सुरू करतो, की स्नायूच वितळायला लागतात. त्यात पाठीत घुसणारी वेदना, उलट्या, कावीळ, वाढलेली साखर, खचलेलं मन. बहुतेकांचं वजन निदान होण्याआधीच उतरलेलं असतं.

यातली स्नायूंची झीज नुसत्या खाण्याने पूर्ण भरून येत नाही, हे खरं. पण बाकीच्या गोष्टींवर उपाय आहेत आणि ते काही चंद्रावरचे नाहीत. पचनाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल मिळतात. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१८ सालीच सांगून ठेवलंय, की ज्यांचं ऑपरेशन होऊ शकत नाही अशा स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या पेशंटना या कॅप्सूल द्याव्यात. वेदनेवर मॉर्फिन आहे, नसांचा ब्लॉक आहे. साखर आटोक्यात ठेवता येते. रोजचं थोडं चालणं, खुर्चीतून उठ-बस, हातापायांचे साधे व्यायाम यांनी उरलेली ताकद जास्त दिवस टिकते.

आता ताकद का महत्त्वाची ते बघा. निदान होतं तेव्हा शंभरातल्या १५-२० जणांचंच ऑपरेशन होण्यासारखं असतं. बाकीच्यांना मुख्य आधार केमोचा. आणि केमो द्यायची की नाही हे ठरवताना डॉक्टर 'ईकॉग' नावाची मोजपट्टी लावतात. ० म्हणजे ठणठणीत. २ म्हणजे स्वतःचं स्वतः करतो, पण कामधंदा जमत नाही. जागेपणीचा अर्ध्याहून जास्त वेळ अंथरुणात किंवा खुर्चीत जायला लागला की ३. फोल्फिरिनॉक्स या चार औषधांच्या केमोचा फ्रान्समधला मोठा अभ्यास २०११ साली आला. जुन्या औषधावर सरासरी ६.८ महिने आयुष्य, या केमोवर ११.१ महिने. पण त्या अभ्यासात ईकॉग ० किंवा १ असलेल्यांनाच घ्यायचं, असा नियम होता. म्हणजे हे जास्तीचे चार महिने हिंडत्या-फिरत्या माणसाचे आहेत. जो दोन महिन्यांत अंथरुणाला खिळला, त्याच्यासाठी ते दार बंद.

आणि आपल्याकडे माणूस दोन महिन्यांत अंथरुणाला कसा खिळतो, ते मी घरात बघितलंय. माझ्या काकांचं वजन पहिल्या तपासणीला ६४ किलो होतं. बायोप्सीची तारीख, स्कॅनची तारीख, रिपोर्ट, योजनेची मंजुरी यात सात आठवडे गेले आणि वजन ५३ वर आलं. एका मोठ्या रुग्णालयात या काळात आम्ही पाच वेळा गेलो. पाचही वेळा फाइल तपासली गेली, काटा एकदाही दाखवला नाही. "जेवण कसं आहे?" एवढंच विचारलं. "संडास कशी होते?" हे कुणीच विचारलं नाही. शेवटी सांगितलं, यांची तब्येत केमो सहन करणार नाही, घरी न्या. घरी आणल्यावर एका तरुण डॉक्टरांनी पहिल्या भेटीतच तो प्रश्न विचारला, कॅप्सूल लिहून दिल्या, दुखण्याचं औषध वाढवलं. काका वाचले नाहीत. पण वजन उतरायचं थांबलं, आणि पुढचे चार महिने ते स्वतःच्या पायांनी खळ्यात येऊन बसत होते, मासे मागून खात होते. तो एक प्रश्न सात आठवडे आधी विचारायला किती खर्च आला असता?

हा अशक्तपणा दिसत नाही असंही नाही. आपण सगळ्यांनी तो टीव्हीवर पाहिलाय. जानेवारी २०१९ मध्ये मनोहर पर्रीकर नाकात नळी असताना मांडवीवरच्या पुलाच्या उद्घाटनाला आले, विधानसभेत बजेट मांडलं, आणि १७ मार्चला गेले. वय ६३. समर्थक म्हणाले, काय जिद्द! विरोधक म्हणाले, आजारी माणसाला खुर्चीला बांधून ठेवलंय. दोन्ही बाजूंनी महिनाभर भांडण केलं. पण हा आजार माणसाला असा का वाळवतो आणि साध्या घरातल्या पेशंटसाठी आपल्या सरकारी दवाखान्यात त्यावर काय सोय आहे, हा प्रश्न ना गोव्यात कुणी विचारला, ना आपल्या सिंधुदुर्गात.

आता पैशाचं बोलू. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा मला आदर आहे. तिच्यामुळे घरं वाचलीत, जमिनी विकायच्या राहिल्यात. पण योजना पॅकेजची भाषा बोलते: ऑपरेशन, केमो, रेडिएशन. रोज प्रत्येक जेवणाबरोबर घ्यायची कॅप्सूल, आहारतज्ज्ञाची भेट, घरी येणारा फिजिओ यांना त्या भाषेत जागा नाही. ज्यांच्या कागदांसाठी मी फिरलो, त्या प्रत्येक घराने या कॅप्सूल खिशातून घेतल्या. परवडेनाशा झाल्या की जेवणाला तीनऐवजी एक घ्यायची, मग तीही बंद. केमोला पैसे द्यायचे आणि केमो पेलणारं शरीर वाऱ्यावर सोडायचं, म्हणजे बैल उपाशी ठेवून नवा नांगर विकत घ्यायचा.

२०२५ च्या केंद्रीय बजेटमध्ये तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रं काढायची घोषणा झाली. चांगलं आहे. बांबोळी, कोल्हापूर, परळच्या फेऱ्या वाचल्या तर आपल्याच लोकांचे हाल कमी होतील. पण तिथे नुसत्या केमोच्या खुर्च्या आणि रिबीन कापणारे पुढारी येणार असतील, तर आत्ताच बोलायला हवं.

थोडं आपल्या घरांबद्दलही. पेशंटला पेजेवर ठेवायचं, मासे-अंडी बंद, तेल बंद, आणि "पडून राहा, दमू नको" हे वर. व्हॉट्सअॅपवरचे वैद्य सांगतात की उपाशी ठेवलं की कॅन्सर मरतो. कॅन्सर नाही मरत, माणूस मरतो. यात मी घरातल्या बायकांना दोष देत नाही. जिला कुणी काही सांगितलंच नाही, ती आपल्या आजीचं पथ्य पाळणार. सांगायचं काम ज्यांचं होतं, त्यांनी ते केलं नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. कॅन्सरच्या प्रत्येक पेशंटचं प्रत्येक भेटीत वजन करा आणि त्याच्याच कागदावर लिहा. स्वादुपिंडाच्या पेशंटला संडासबद्दल पहिल्याच भेटीत विचारा. एन्झाइमच्या कॅप्सूल योजनेत घ्या आणि जिल्हा रुग्णालयात ठेवा. त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात, हे घरच्यांना आधी नीट सांगा, नाहीतर उद्या कळलं की लोक गुपचूप बंद करतात. प्रत्येक डे-केअर केंद्रात आहारतज्ज्ञ, फिजिओ आणि वेदनेवर उपचार करणारा माणूस पहिल्या दिवसापासून हवा.

आणि ज्यांच्या घरात आज असा पेशंट आहे, त्यांनी उद्याच्या भेटीत तीन प्रश्न विचारा. वजन किती उतरलं? एन्झाइमची कॅप्सूल लागेल का? रोज किती चालवायचं? कॅप्सूल मिळाली तर ती जेवताना घ्यायची, आधी किंवा नंतर नाही; चावायची नाही, गरम चहाबरोबर नाही. डोस डॉक्टर ठरवतील, आपण नाही.

पुढच्या महिन्यात आमदार, खासदार, पालकमंत्री कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमाला येतीलच. हार घालून झाला की त्यांना एवढंच विचारा: जिल्ह्याच्या कॅन्सर केंद्रात आहारतज्ज्ञाचं पद मंजूर आहे का, आणि ते कधी भरणार? उत्तर तारखेसकट घ्या. "बघतो" हे उत्तर धरू नका.