शिपिंग बिल आणि सीलच्या तारखेलाच शुल्काचा दर ठरवा



१९ ऑगस्ट २०२३, शनिवार. पिंपळगाव बसवंतच्या आमच्या खळ्यातून दुपारी चाळीस फुटी कंटेनर भरून निघाला. जाळीच्या गोण्यांत २९ टन उन्हाळ कांदा, जाणार न्हावा शेवा बंदरातून मलेशियाला. शिपिंग बिल आदल्या दिवशीच ऑनलाइन दाखल केले होते. दाराला सील लावून त्याचा नंबर आणि वेळ नोंदवली होती. गाडी कसारा घाट उतरून भिवंडीच्या पुढे गेली आणि संध्याकाळी कस्टम एजंटचा फोन आला, "कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलंय, आजपासूनच. तुमची गाडी अजून आत गेलेली नाही."

टनाला २५ हजार रुपये किंमत धरली, तर २९ टनांचे सव्वासात लाख होतात. त्यावर ४० टक्के म्हणजे २ लाख ९० हजार, किलोमागे दहा रुपये. या धंद्यात किलोमागे रुपया-दोन रुपये सुटले तरी आम्ही समाधान मानतो. परदेशातल्या ग्राहकाशी भाव आधीच ठरलेला होता. तो वाढवून देणार नव्हता. रविवारभर कंटेनर बंदराबाहेर उभा राहिला. शेवटी शुल्क भरून माल पाठवला, कारण परत आणून विकण्यात त्याहून जास्त नुकसान होते.

हे का घडले, याचे उत्तर सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १६ मध्ये आहे. निर्यातीच्या मालाला कोणत्या दिवसाचा दर लावायचा? अधिकारी माल जहाजावर चढवायची परवानगी, म्हणजे लेट एक्स्पोर्ट ऑर्डर (एलईओ) देईल त्या दिवसाचा. आम्ही कागद कधी दाखल केले, माल कधी सील केला, याला इथे किंमत नाही. आयातीसाठी याच कायद्याचे कलम १५ वेगळे आहे. देशात वापरण्यासाठी थेट सोडवायच्या मालाला बिल ऑफ एंट्री दाखल केल्याच्या तारखेचा दर लागतो. कागद जहाजाआधी दाखल झाले असतील, तर जहाजाच्या प्रवेशाच्या तारखेचा. यातली पहिली तारीख तरी अधिकाऱ्याच्या सहीवर अवलंबून नाही. मग परदेशातून माल आणणाऱ्याला जी खात्री मिळते, ती देशातून माल पाठवणाऱ्याला का मिळू नये?

कस्टम्सचा कारभार गेल्या काही वर्षांत पुष्कळ सुधारला आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर घरबसल्या शिपिंग बिल भरता येते. न्हावा शेव्याला रात्रीही काम चालते. २०१७ पासून कंटेनरला स्वतः सील लावण्याची पद्धत आली आणि त्यासाठी इलेक्ट्रॉनिक सील आले. सीलचा नंबर, शिपिंग बिलाचा नंबर, सील केल्याची तारीख आणि वेळ, सगळे सरकारी यंत्रणेकडे नोंदलेले असते. माल केव्हा निघाला याचा एवढा पक्का पुरावा सरकारपाशी असताना शुल्काचा दर मात्र अजून जुन्याच रीतीने ठरतो. यंत्रणा नवी झाली, तसे हे कलमही नवे व्हायला हवे.

याचा फटका नाशिकला जास्त बसतो. बंदराजवळच्या गोदामातला माल तासाभरात आत जातो. आमचा माल दोनशे किलोमीटर रस्त्यावर असतो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, घाटातला वेळ वाचला. पण अधिसूचना निघाल्या क्षणापासून लागू होते, तिच्यापुढे कोणताच रस्ता पुरत नाही.

सरकारची अडचण मी समजू शकतो. आठ दिवस आधी सूचना दिली, तर सगळा कांदा घाईने बाहेर जाईल आणि शहरात भाव चढतील. म्हणूनच आगाऊ सूचना मागत नाही. शिपिंग बिल दाखल होऊन इलेक्ट्रॉनिक सील लागलेल्या मालालाच जुना दर द्या. मागची तारीख टाकून सील लावता येत नाही, त्यामुळे गैरफायद्याला वाव उरत नाही.

अशी सोय सरकारने स्वतःच दिलेली आहे. कांद्यानंतर सहाच दिवसांनी, २५ ऑगस्ट २०२३ ला उकड्या तांदळावर २० टक्के शुल्क लागले. तेव्हा बंदरावर पोचलेल्या, एलईओ न मिळालेल्या आणि बँकेचे पतपत्र असलेल्या तांदळाला सूट मिळाली. त्याच वर्षी ८ डिसेंबरपासून कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हाही कस्टम्सच्या ताब्यात गेलेला माल जाऊ दिला. मग १९ ऑगस्टच्या कांद्याला ही सोय का नव्हती? दर वेळी कोणाला सूट द्यायची हे अधिसूचना लिहिणाऱ्यावर सोडण्यापेक्षा ते कायद्यातच लिहावे.

१ एप्रिल २०२५ पासून कांद्यावरचे निर्यात शुल्क उठले, आता हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्याआधीच्या वीस महिन्यांत आम्ही ४० टक्के शुल्क, टनाला ८०० डॉलरचे किमान निर्यात मूल्य, पूर्ण बंदी, मग ५५० डॉलर आणि पुन्हा ४० टक्के, नंतर २० टक्के, एवढे सगळे पाहिले. कलम १६ जागेवरच आहे. उद्या भाव चढले, की पुन्हा एखाद्या संध्याकाळी फोन येईल.

हा प्रश्न केवळ व्यापाऱ्यांचा नाही. या शुल्काच्या निषेधात २१ ऑगस्ट २०२३ ला जिल्ह्यातल्या बाजार समित्यांतले लिलाव बंद पडले आणि चाळीतला कांदा शेतकऱ्याच्या गळ्यात राहिला. लिलाव सुरू असतानाही व्यापारी अचानक शुल्क लागण्याची धास्ती मनात धरूनच बोली लावतो. लासलगावला ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला त्यामुळे क्विंटलमागे कमी पैसे मिळतात, आणि ते का कमी झाले हे त्याला कोणी सांगत नाही.

म्हणून दोन मागण्या. एक, कलम १६ बदलून शिपिंग बिल आणि सील या दोन्हींपैकी जी तारीख नंतरची असेल, तिचा दर निर्यातीला लावावा. दोन, कांद्याच्या कंटेनरला एलईओ नाशिक जिल्ह्यातच मिळावी, एवढी कस्टम्सची सोय इथे उभी करावी. अशी सोय देणाऱ्या निफाडच्या ड्रायपोर्टची चर्चा आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आहोत. जिल्ह्यातल्या खासदारांनी पुढच्या अर्थसंकल्पाच्या वित्त विधेयकात पहिली दुरुस्ती मागावी. एका कलमातले चार शब्द बदलायचे आहेत, तिजोरीतून एक रुपयाही जाणार नाही.

— एक कांदा निर्यातदार,
पिंपळगाव बसवंत, ता. निफाड, जि. नाशिक