अभयारण्यात अभय कुणाला?

साहेब मीटिंगमध्ये सांगतात, अभयारण्य निसर्ग राखायला आहे आणि जनतेच्या भल्यासाठी आहे. तानसा अभयारण्य १९७० साली झालं. ही जनता म्हणजे कोण, ते आम्हाला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तानसाचं धरण इंग्रजांनी १८९२ साली मुंबईसाठी बांधलं. पुढे मोडकसागर आला, भातसा आला. मुंबईचं पाणी शहापूर तालुक्यातून जातं, आणि मे महिन्यात आमच्या बाया ओहोळात खड्डा खणून वाटीवाटीनं हंडा भरतात. पाणी पिणारी मुंबई ती जनता. आणि आपण? जंगलाचे शत्रू! डोक्यावर सुक्या लाकडांची मोळी दिसली की कोयता काढून घेतात. पहाटे मोह वेचायला गेलं की नाव लिहून घेतात. अहो, ज्या झाडावर पोट चालतं ते ठाकूर-कातकरी तोडेल का? जंगल उघडं पडलं कूपांच्या ठेक्यांनी, कोळशाच्या भट्ट्यांनी. भट्टीवर आम्ही मजूर होतो, मालक नव्हतो.

मुरबाडकडे बघा. माळशेजच्या पायथ्याशी काळू धरणाचं काम २०११ मध्ये वनजमिनीची परवानगी नसतानाच सुरू झालं. मोळीला कायदा लागतो, पोकलेनला लागत नाही. २०१२ मध्ये हायकोर्टानं काम थांबवलं, तेही लोक कोर्टात गेले म्हणून.

"अभयारण्यात दावा चालत नाही" असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. लेखी मागा. २००६ चा वनहक्क कायदा अभयारण्यालाही लागू आहे. कलम ४(५) म्हणतं, दाव्यांची तपासणी पुरी होईपर्यंत कसणाऱ्याला उठवता येत नाही. वन्यप्राण्यांसाठी हक्कांत बदल करायचा तर कलम ४(२) प्रमाणे आधी सगळे हक्क मान्य झालेले हवेत, आणि ग्रामसभेची लेखी संमती हवी. कलम ५ तर जंगल, प्राणी, पाण्याच्या जागा राखायचा अधिकारच ग्रामसभेला देतं. म्हणजे राखणदार आपणच, कायद्यानं.

पण कित्येक पाड्यांनी नुसते प्लॉटचे दावे टाकले, सामूहिक दावा टाकलाच नाही. प्लॉट मिळाला की झालं, असं काहींना वाटतं. प्लॉट एका घराचा. मोह, बांबू, ओहोळ, गुरांची वाट सगळ्या पाड्याची. म्हाताऱ्या माणसांना पुढे घालून हद्द फिरा. देव कुठं, मासे कुठं धरायचे, मयतीची जागा कुठली, सगळं लिहा. म्हाताऱ्यांचा जबाब पुरावा म्हणून चालतो. दावा दिला की पोच घ्या. पोच देत नसतील तर मिळेपर्यंत तिथंच बसा, भाकरी बांधून न्या.